डोंगराकडे टाक

झादर, २ मार्च २०१४

फ्राने,

आधी स्वेटर घाल, मग वाच. तुमच्या त्या लिथुआनियात अजून बर्फ पडतोय असं टीव्हीवर दाखवलं. तुला मी ओळखते, तू खिडकी उघडी टाकून बनियनवर बसला असशील. उद्या मान धरली तर मला सांगू नकोस.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. कारण फोनवर तू तीनच शब्द बोलतोस: ‘बरं’, ‘हो’ आणि ‘ठेवतो’. बोझेचं नाव निघालं की पहिले दोन गाळून थेट तिसरा. पत्राला ‘ठेवतो’ म्हणता येत नाही. फार तर टेबलावर पालथं घालशील, पण दुसऱ्या दिवशी सुलटं करून वाचशीलच. लहानपणी आपल्या आईने रागावून झाकलेलं ताट असंच उघडून जेवायचास.

तर बातमी अशी, की आपल्या लुत्सियाचं, बोझेच्या मुलीचं, लग्न ठरलं. ऑक्टोबरात. मुलगा स्लाव्होनियाचा, मातिया नावाचा. सपाट मुलखातला, मक्याच्या शेतात वाढलेला, समुद्र बघितला की अजून फोटो काढतो. पण पोरगा गोड आहे. माझ्या सलूनमध्ये केस कापायला आला तर उठताना खुर्ची पुसून गेला. असा जावई आपल्याकडे मिळायचा नाही.

लुत्सिया काल माझ्याकडे आली. म्हणाली, “नेदामावशी, बाप्तिस्म्याला ज्याने मला हातावर घेतलं तो माझा कूम. लग्नात तो माझ्या टेबलावर बसला पाहिजे. नाहीतर मी नगरपालिकेत जाऊन सही करून मोकळी होते, कुणालाच बोलवत नाही.”

मी म्हटलं, “बाबांना सांगितलंस?”

“सांगितलं. ते म्हणाले, ‘तो लिथुआनियावाला आला तर मी नाही.’”

सहा वर्षं झाली, फ्राने. बोझे तुझं नाव घेत नाही. तू ‘तो लिथुआनियावाला’. पोलंडात होतास तेव्हा ‘तो पोलंडवाला’. निदान नोकरी कुठे आहे याची खबर ठेवतो, एवढंच समाधान.

मला तो सामना सांगू नकोस, मी तिथे होते. तू गालेबचा, आपल्या गावच्या बास्केटबॉल क्लबचा कोच, तो कप्तान. अडतीस वर्षांचा, गुडघ्यांना पट्ट्या, आणि तो त्याचा शेवटचा सामना. आपल्याकडे शेवटचा सामना कसा असतो ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हाताऱ्याला पहिल्या पाचात उतरवायचं, शेवटच्या मिनिटाला बाहेर बोलवायचं, अख्खा हॉल उभा राहतो, माणूस रडतो, बायको रडते, संपलं. तू त्याला बेंचवरून उठवलंच नाहीस. हरलो असतो तर गालेब खालच्या लीगमध्ये गेला असता हे मला कळतं. गालेब जिंकला हेही कळतं. पण सोळा वर्षांची लुत्सिया पहिल्या रांगेत फुलांचा गुच्छ घेऊन उभी होती, तो गुच्छ तिने जाताना बसस्टॉपवर ठेवून दिला. नंतर कपडे बदलायच्या खोलीत तुम्हा दोघांचं काय झालं ते कुणी सांगत नाही. एवढंच कळलं, की बोझे सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आजपासून तू माझा कूम नाहीस.’

पोरीचा धर्मबाप तो तिच्या बापाचाही कूम, जन्मभराचा. असं कुठे असतं का रे? कूम म्हणजे काय शर्टाचं बटण आहे, तुटलं की दुसरं लावलं?

पोरीला उत्तर दे. मला नको, तिला दे.

तुझी,
नेदा


झादर, ६ एप्रिल २०१४

फ्राने,

पोस्टकार्ड! एवढं मोठं पत्र लिहिलं मी, आणि तुझं पोस्टकार्ड! त्यावर कुठल्याशा तळ्याचं चित्र आणि मागे तीन ओळी. “लुत्सियाला शुभेच्छा. मोसम चालू आहे. निर्णय बरोबर होता.”

निर्णय बरोबर होता! तुला विचारलं कुणी? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्यासारख्यांसाठीच. बरं, मान्य, बरोबर होता. मी बाई केस कापणारी, मला खेळातलं काय कळतं? पण तीस वर्षं तुमचे सामने बघतेय, आणि त्या दिवशी बोझेला उतरवलं असतं तर आपण हरलो असतो हे मलाही दिसत होतं. तो धावत नव्हता, नुसता सरकत होता. मग मला सांग, बरोबर निर्णय घेणारा माणूस सहा वर्षं तोंड लपवून का फिरतो?

काल धक्क्यावर गेले होते. आपलं जुनं कोर्ट अजून आहे. पाटी गंजलीय, जाळी नाही, पण पोरं खेळतात. डोंगरवारा सुटला होता, वेलेबिट डोंगरावरून येतो तो, कोरडा, दात वाजवणारा. एक काटकुळं पोरगं बॉल टाकायचं, तो वारा उचलून समुद्रात न्यायचा. मग एका थोराड पोराने त्याला डोक्यात टपली मारली आणि ओरडला, “डोंगराकडे टाक, वारा आणून देतो!” मी तिथेच बसले. आठवतं ना हे कुणाचं वाक्य आहे? आपण बेटावरून इथे राहायला आलो तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. कुणाशी बोलत नव्हतास. समोरच्या घरातला एक धिप्पाड पोरगा पाव खात खाली उतरला आणि तुला हेच म्हणाला. बास्केटकडे बघून टाकायचं नाही, उजव्या हाताला डोंगराकडे टाकायचं. वारा बॉल घेऊन येतो आणि आत सोडतो. तुला आख्खा उन्हाळा लागला शिकायला.

आणि मग गालेबच्या बंद हॉलमधला पहिला दिवस! तिथे वारा कुठला? तू टाकशील तो बॉल उजवीकडे जायचा. कोच ओरडला, “पोरा, बास्केट इथे आहे, वेलेबिट तिकडे!” सगळे हसले. तुझे कान लाल झाले. बोझे तेव्हा त्या क्लबात दोन वर्षं खेळत होता, हॉलमध्ये टाकायची सवय होती त्याला. त्यानेही बॉल घेतला आणि मुद्दाम डोंगराकडे टाकला. दोघांनाही हॉलभोवती पळायची शिक्षा झाली. हे मला तूच घरी येऊन सांगितलंस, डोळे पुसत आणि हसत.

नंतर युद्धातलं तर तू विसरला नसशील. लुत्सियाचा बाप्तिस्मा तळघरात झाला, वर तोफगोळे पडत होते, नळाला पाणी नव्हतं. बोझे गणवेशात आघाडीवरून तासाभराची सुटी काढून आलेला. तू प्लास्टिकच्या कॅनमधून पाणी आणलंस, शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून, पळत. पाद्री म्हणाला, “वाटेत सांडलं नाहीस?” तू म्हणालास, “बॉल घेऊन पळायची सवय आहे.” त्या तळघरात आम्ही हसलो ते तेवढंच.

मग तू इटलीत गेलास, फ्रान्समध्ये गेलास, पेपरात फोटो आले, आई ते कात्रण मासळीबाजारात दाखवत फिरायची. बोझे इथेच राहिला. गुडघा मोडून कुबड्यांवर आलास तेव्हा माझ्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर तुला पाठीवर घेऊन कोण आलं? आणि गालेबवाले बाहेरचा कोच आणायला निघाले तेव्हा, “फ्रानेला करा, नाहीतर मी खेळत नाही,” असं कोण म्हणालं? तुला कोच ज्याने केलं त्यालाच तू बेंचवर बसवलंस. बरोबर असेल. पण टोचतं रे.

लुत्सियाला शुभेच्छा मी पोचवल्या नाहीत. स्वतः पोचव.

नेदा

ता. क. तिकडे बीटाचं गुलाबी गार सूप पितात म्हणे. तू पितोस? देवा!


झादर, १५ जून २०१४

फ्राने,

आज मी तुझ्यावर खरी रागावले आहे. आधीची दोन पत्रं म्हणजे नुसती कुरकुर होती.

अंजेल्का आली होती केस रंगवायला. बोझेची बायको माझ्या खुर्चीत बसली की तिची जीभ सुटते, डोक्याला रंग लागलेला असतो, पळून कुठे जाणार? मी म्हटलं, “अंजेल्का, तुझा नवरा एवढा का धरून बसलाय? एक सामना तर होता.”

ती म्हणाली, “नेदा, तुला खरंच माहीत नाही?”

“काय माहीत नाही?”

“बेंचवर बसवल्याचा त्याला राग नाहीच. घरी येऊन मला म्हणाला होता, ‘मी कोच असतो तर मीही मला बसवलं असतं.’”

मी रंगाचा ब्रश खाली ठेवला. मग तिने सांगितलं. खोलीत बोझेने तुला एवढंच विचारलं होतं, “एक मिनिटही नाही, कूमा?” आणि तू, सगळ्या पोरांसमोर, काल आलेल्या ज्युनियरसमोर म्हणालास, “एवढी वर्षं माझ्या पासवर जगलास तू. आता तरी पुरे.”

सहा वर्षं तू मला सामना सांगत राहिलास, निर्णय सांगत राहिलास. हे वाक्य नाही सांगितलंस. ताकाला जाऊन भांडं लपवलंस. मला वाटत होतं माझा भाऊ कठोर आहे, कोच असतातच. पण हे कठोर नाही रे, हे क्षुद्र आहे. आणि खोटंही आहे. पास देणारे या गावात पोत्याने मिळतात, तो बॉल आत कोण घालत होता?

आता मी दिवसभर विचार केला, आणि थोडी निवळले. त्या आठवड्यात दक्षिणेचा दमट वारा चार दिवस पडून होता. भिंती घामेजलेल्या, डोकी जड. आपले आजोबा काय म्हणायचे? त्या वाऱ्यात होडीचा नांगर उचलायचा नाही, सौदा करायचा नाही आणि बायकोला उत्तर द्यायचं नाही. पूर्वी दुब्रोव्हनिकला म्हणे न्यायाधीश त्या वाऱ्यात शिक्षा सुनावत नसत. आणि तू त्या वाऱ्यात तोंड उघडलंस! झादरचा ना तू? बाहेरच्या माणसाने केलं असतं तर समजून घेतलं असतं.

पण त्या वाऱ्यात बोललेलं धरायचं नाही, हाही आपलाच नियम. तो बोझे विसरला. म्हणजे चूक दोघांची. फक्त तुझी मोठी, कारण जिभेला हाड नसलं तरी माणसाला डोकं असतं.

तुझा निर्णय बरोबर होता. वाक्य चुकीचं होतं. तू सहा वर्षं निर्णयावर भांडत बसलायस, त्याबद्दल तुझ्याशी कुणी भांडतच नाहीये.

लिही. पोस्टकार्ड पाठवलंस तर परत पाठवीन.

नेदा


झादर, ३ सप्टेंबर २०१४

माझ्या फ्राने,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. दुकानाचं दार आतून लावून वाचलं, बाहेर दोन बायका काच ठोकत होत्या, त्यांना म्हटलं मेलेय मी, उद्या या.

तू लिहितोस की सामन्यात टाइमआउट घेतला आणि पोरं भोवती जमली की बोलायच्या आधी ते वाक्य तुला ऐकू येतं, म्हणून हल्ली तू हरतानाही हळू बोलतोस आणि तिकडची पोरं तुला फार शांत माणूस समजतात. मला हसू आलं आणि रडूही. तू, शांत! तुझ्याबद्दल वाईट वाटलं मला, खरंच वाटलं. एवढं एकट्याने वाहायची काय गरज होती? बहीण कशाला आहे?

आता काम ऐक. बोझेला पत्र लिहू का, असं विचारतोस. नको. तो न वाचता चुलीत घालेल आणि मग महिनाभर स्वतःवर चिडून फिरेल. त्याला तोंडाने बोललेलं लागलं, ते कागदाने निघायचं नाही.

मी त्याच्याकडे गेले होते. तो मासे साफ करत होता. म्हटलं, “बोझे, मुलगी तुझी एकुलती एक.”

“माझ्या बाजूला त्याला खुर्ची नाही,” तो म्हणाला. “नेदा, तू मध्ये पडू नकोस. तुझ्याशी माझं काही नाही. कॉफी घे.”

मी कॉफी घेतली आणि विचार करत बसले. ‘माझ्या बाजूला’ म्हणाला तो. लग्नाला बाजू दोन असतात, फ्राने! घरी येऊन मी मातियाच्या आईला फोन लावला. बाई भली आहे, सगळं ऐकून घेतलं, नाक शिंकरलं आणि म्हणाली, “तुमचा भाऊ आमच्या गाडीतून येईल. आमच्यात जागा खूप आहे, आणि सॉसेजही.” तेव्हा तू नवऱ्याकडचा पाहुणा. दारात आलेला व्याह्यांकडचा पाहुणा हाकलून देईल असा माणूस आपल्या डाल्मेशियात अजून जन्माला यायचाय. बोझे तर नक्कीच नाही.

आणि दुसरी गोष्ट. बोझेचे आजोबा डोंगरापलीकडचे, तिकडची रीत तुला माहीत आहे. मुलीच्या दारात उंच काठीला सफरचंद टांगतात, नवऱ्याच्या माणसांनी ते गोळीने पाडलं तरच मुलगी बाहेर येते. बोझेने ही रीत धरलीय, पण बंदुकीला अंजेल्काने हात जोडले. तर तो म्हणतो, सफरचंद नको, बॉल घ्या. त्याच्या घरासमोरच्या जुन्या कोर्टावर, लांबच्या रेषेवरून तीन बॉल. एक आत गेला की न्या पोरीला. नाही गेला तर चर्चला उशीर, पाद्री बोंबलणार, आणि वऱ्हाडाने गावासमोर नाक घासायचं. स्लाव्होनियावाले घाबरलेत. त्यांच्याकडे सगळे फुटबॉल खेळतात.

तेव्हा तुझी गरज त्यांनाही आहे. ये.

सूट इस्त्री करून आण. आणि त्याला काय बोलायचं ते पाठ करून येऊ नकोस. पाठ केलेलं तुला शाळेतही कधी वेळेवर आठवलं नाही.

नेदा


झादर, २० ऑक्टोबर २०१४

फ्राने, माझ्या गाढवा,

विमान वेळेवर पोचलं हे कळलं. पाठदुखी कशी आहे? स्लाव्होनियावाल्यांनी तुला पहाटेपर्यंत नाचवलं, त्यांच्या वयाचा आहेस का तू?

पण हे काय ऐकतेय? मातियाच्या आईला फोनवर सांगितलंस म्हणे, की ‘वाऱ्याने घात केला, नाहीतर दुसरा बॉल आत होता.’ अजिबात आत नव्हता! तू खाली होतास, मी वर बाल्कनीत बोझेच्या शेजारी उभी होते. आता माझ्याकडून ऐक.

सकाळपासून डोंगरवारा. आकाश धुतल्यासारखं, वेलेबिट हात लावावा एवढा जवळ. मी मनात म्हटलं, चांगलं आहे, या वाऱ्यात डोकी ठिकाणावर असतात. तुमच्या गाड्या आल्या, झेंडे, तंबुरे, गाणी. तिसऱ्या गाडीतून तू उतरलास, त्या लोकांची पिसाची टोपी डोक्यावर. बोझे कठड्याला धरून उभा होता. मला वाटलं कठडा हातात येतो. त्याने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हे तुझं काम.”

“हो,” मी म्हटलं.

“टोपी शोभत नाही त्याला.”

बस, एवढंच. फ्राने, सहा वर्षांत तुझ्याबद्दल बोललेलं त्याचं ते पहिलं साधं वाक्य.

पहिला बॉल नवऱ्या मुलाने टाकला. बिचारा! वाऱ्याने तो उचलला तो थेट समुद्रात, मग म्हाताऱ्या कोळ्याने होडीच्या आकड्याने काढला, लोक पोट धरून हसत होते. चर्चची पहिली घंटा झाली. आतून लुत्सिया ओरडली, “बाबा, पुरे करा!” बोझे हलला नाही. मग तुला पुढे ढकललं. तू जाकीट काढलंस, बॉल दोनदा आपटलास. गालेबची जुनी माणसं होती सगळी. फ्रानेचा हात आहे, जाणार, असं माझ्यामागे कुणीतरी म्हणालं.

आणि तू टाकलास तो सरळ बास्केटकडे! सरळ! तीस वर्षं बंद हॉलमध्ये राहून तू आपलं अंगण विसरलास. सुंदर टाकलास, काही म्हणणं नाही, तिकडच्या पोरांना दाखवायला ठीक. पण वाऱ्याने तो सहज बाजूला नेला, पाटीलाही लागला नाही.

तुला फक्त ओरडणं ऐकू आलं. मी ते जवळून बघितलं. बॉल तुझ्या हातातून सुटला तसा बोझे पुढे झाला. तो आपली बाजू विसरला, लग्न विसरला, कठड्यावरून अर्धा बाहेर वाकला आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला,

“डोंगराकडे टाक, गाढवा! डोंगराकडे! किती वेळा सांगायचं!”

मग त्याने स्वतःच तोंडावर हात ठेवला. मुलीचा बाप, शत्रूला शिकवतोय! सगळा धक्का हसत सुटला. अंजेल्का हसता हसता रडायला लागली, तिचे डोळ्यांचे रंग मी सकाळी तासभर बसून लावले होते, ते सगळे गालावर आले.

तिसरा बॉल तुझ्या हातात होता. तू डोंगराकडे बघितलंस. आता टाकणार, असं वाटलं. पण तू वळलास आणि बाल्कनीकडे हात केलास. “खाली ये,” असं काहीतरी. तो बराच वेळ उतरेना. मग जिन्यावर त्याचे पाय वाजले, एक एक पायरी, गुडघे तसेच आहेत ना. सूटला फूल लावलेला तो धिप्पाड माणूस कोर्टावर आला, आणि तू त्याला पास दिलास. छातीवर, नीट, तुझा जुना पास.

पुढे तुम्ही काय बोललात ते वाऱ्यात वर आलं नाही. तुला विचारलं तर तू म्हणालास, “काही नाही, असंच.” पण माझी खुर्ची आहे ना! बोझेने अंजेल्काला सांगितलं, अंजेल्काने शुक्रवारी मला. त्याने बॉल हातात धरून तुला विचारलं, “तुझ्या पासवर?” आणि तू म्हणालास, “पास कुणीही देतो, कूमा. एवढी वर्षं तू आत घालत होतास म्हणून मला पास देता येतो असं लोकांना वाटलं. मी तुझ्यावर जगलो.”

पाठ करून आला नव्हतास ना? मला माहीत आहे, नव्हतास.

त्याने तुझ्याकडे बघितलंही नाही. डोंगराकडे बघितलं आणि टाकला. बॉल कितीतरी उजवीकडे गेला, स्लाव्होनियावाल्यांनी कपाळाला हात लावला. मग वाऱ्याने तो धरला, वळवला, आणि गंजक्या कड्याला न लागता तो आत पडला. जाळी नाही म्हणून आवाजही झाला नाही. आणि मग अख्खा धक्का उभा राहिला, फ्राने. बसलेली म्हातारी माणसंसुद्धा. टाळ्या थांबेनात. स्वतःच्या मुलीला स्वतःच्या हाताने सोडवून दिलं म्हणून नव्हत्या त्या टाळ्या. त्या सहा वर्षांपूर्वीच्या होत्या, गावाने जपून ठेवलेल्या. तो रडला, अंजेल्का तर आधीच रडत होती. लुत्सिया दारात आली, तिने हातातला लग्नाचा गुच्छ बापाला दिला आणि म्हणाली, “हा त्या वेळचा.” चर्चमध्ये ती रिकाम्या हाताने उभी होती ते तू बघितलंसच. पाद्रीने विचारलं तर म्हणाली, फुलं दिली ज्याची त्याला.

एवढं झालं, तरी जेवताना तुम्ही दोघं एकमेकांशी फक्त माशांबद्दल बोललात. पुरुष! पण एकाच ताटातले मासे होते, मी बघत होते.

आता ऐक, मी हे लिहीत असताना बोझे दुकानात आलाय. केस नाहीत, तरी कापायला. “कुणाला लिहितेस?” म्हणाला. मी म्हटलं, तुला काय करायचंय? तर पेन हातातून ओढून घेतलं त्याने. त्याचं अक्षर वाईट आहे, सांभाळून वाच.

नेदा

कूमा,
तिसरा बॉल तू टाकला असतास तर तोही चुकला असता. हात थोडा आखडलाय तुझा. उन्हाळ्यात ये. परत शिकवतो.
बोझे